चादर पिळताना

ओली चादर पिळायला दोन माणसं लागतात. दोघींनी समोरासमोर टोकं धरायची आणि दोघींनीही आपापल्या उजवीकडे पीळ द्यायचा. कोलकात्याच्या कालीघाटला, मरणपंथाला लागलेल्यांच्या 'निर्मल हृदय'मध्ये, पहिल्याच सकाळी मी डावीकडे फिरवला. चादर सैल ती सैलच. समोरच्या सिस्टरनं काही न बोलता माझं मनगट धरून उलटं वळवलं.

तिच्या साडीला काठ नव्हता. निळ्या रेघा पहिली व्रतं घेतल्यावर. त्याआधी नुसती पांढरी. काठाच्या साड्या टिटागढला, रेल्वेलाइनीलगतच्या 'गांधीजी प्रेम निवास'मध्ये, कुष्ठरोगातून उठलेली माणसं मागावर विणतात. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही व्रतं सगळ्याच धर्मभगिनींची. 'निर्मल हृदय' चालवणाऱ्या, मदर तेरेसांच्या 'मिशनरीज ऑफ चॅरिटी'त चौथं असतं: गरिबांतल्या गरिबाची मनापासून, फुकट सेवा. त्याचा रोजच्या भाषेतला अर्थ मला तिथे कळला तो बराचसा 'धुणं' असा.

सिस्टर पहाटे पाचच्या आत उठतात. प्रार्थना, सहाला मिस्सा, मग आपापल्या बादलीत आपापली साडी. आम्हा स्वयंसेवकांना संस्थेच्या मुख्यालयात, 'मदर हाउस'मध्ये, चहा, पाव आणि केळं मिळे, की आम्ही बसनं कालीघाटला. तोवर रात्रीच्या चादरी हौदाशी येऊन पडलेल्या असत. या कामाचं काव्य करायची माझी इच्छा नाही. वास नाकात बसतो, जंतुनाशकानं बोटं सोलतात. आधी घाण झटकून काढायची, मग साबण, मग तीन पाणी. मी होते तेव्हा सगळं हातानंच चाले. मशीन का नाही, असं मी विचारलं. "इथले लोक ज्या घरांतून येतात, तिथे कुठे असतं?" सिस्टर म्हणाली. उत्तर मला पटलं नाही. माझी पाठ तर अजिबात पटवून घेईना.

कालीमंदिराला लागून असलेली ही वास्तू म्हणजे यात्रेकरूंची जुनी धर्मशाळा. १९५२च्या ऑगस्टमध्ये, संस्था दोन वर्षांचीही नसताना, मदर तेरेसांनी इथे रस्त्यावर मरायला टेकलेल्यांसाठी दार उघडलं. पुढे १९९४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाचे तेव्हाचे संपादक रॉबिन फॉक्स येऊन गेले. निदान नीट होत नाही, तीव्र वेदनेवर प्रभावी औषध नाही, असं त्यांनी लिहिलं; आणि स्वच्छता, जखमांची निगा, माया यांची दादही दिली. दोन्ही मला खरं वाटतं. धुतलेली चादर हे वेदनाशामक नव्हे. पण ज्याला वर्षभरात कुणी हात लावला नाही, त्याच्या पाठीखाली ती रोज कोरडी असणं याला काय म्हणायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पगारावर काम करणाऱ्या बायांना तिथे सगळे 'माशी' म्हणतात. आपल्याकडे दवाखान्यात 'मावशी', तशीच. नातं एक, कामही तेच. माशींना सिस्टरांइतका धीर नाही. पेशंट जेवताना सांडायला लागला की त्या ओरडतात, आणि मग ओरडतच भरवतात. सिस्टर ओरडत नाहीत, पण फार बोलतही नाहीत. प्रार्थनाघरात क्रुसाशेजारी 'मला तहान लागली आहे' या अर्थाचे शब्द आहेत. वॉर्डात एक म्हातारी खरंच दर पाच मिनिटांनी "जोल, जोल" करायची. सिस्टर प्रत्येक वेळी उठायची. चौथ्यांदा मी उठले, तर म्हातारीनं माझ्याकडे पाठ केली.

चादरी वाळत घालायच्या त्या गच्चीवर. खालून देवळातली घंटा, फुलवाल्यांची हाकाटी, पंड्यांचे आवाज. एका दुपारी ओळी भरून झाल्या, चिमटे लावून आम्ही टेकतो न टेकतो, तोच जिन्यातून माशी ओरडत आली, "ब्रिष्टी!" तासाभराचं काम दोन मिनिटांत खांद्यावर. जिन्याच्या तोंडाशी सिस्टरनं एका भिजलेल्या चादरीचं टोक माझ्याकडे दिलं आणि माझ्या हाताकडे बघत थांबली. मी उजवीकडे फिरवला.