रूप सार्कोमाचे, मूळ कार्सिनोमाचे

तोंडातील व्रण तीन आठवडे उलटूनही भरत नाही, किंवा गाठ वाढत जाते, तेव्हा पेडणे अथवा डिचोलीच्या आरोग्य केंद्रातून रुग्णास बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठविण्यात येते. गाठीचा लहानसा तुकडा काढून त्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होते. बहुधा नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंजनानेच रोगाची ओळख पटते. काही गाठी मात्र अनुभवी विकृतिशास्त्रज्ञासही पेचात टाकतात.

तोंड, फुप्फुस, मूत्रपिंड अशा अवयवांच्या अस्तरपेशींपासून उद्भवणारा कर्करोग तो कार्सिनोमा. स्नायू, हाड, चरबी यांसारख्या ऊतकांतून उद्भवणारा तो सार्कोमा. पहिल्याच्या पेशी सामान्यतः पुंजक्याने राहतात, तर दुसऱ्याच्या पुष्कळदा चातीसारख्या लांबट व सुट्या असतात. सार्कोमासदृश कार्सिनोमा हा विरळा रोग मुळाने कार्सिनोमाच होय. परंतु त्याच्या पेशी चातीचे रूप धारण करतात. दशावतारी खेळात लुगडे नेसून रंगमंचावर आलेला नट पेडणे महालातील प्रेक्षकांना जसा हुबेहूब राणीच भासतो, तसाच हा प्रकार आहे.

हा भेद केवळ नावाचा नव्हे. तोंडातील कार्सिनोमा मानेतील लसिकाग्रंथींत पसरण्याचा संभव मोठा असल्याने शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांचाही विचार करावा लागतो. बहुतेक सार्कोमा त्या मार्गाने क्वचितच पसरतात. त्यांवरील औषधेही पुष्कळदा निराळी असतात.

अशा वेळी प्रतिपिंडांचे साहाय्य घेतले जाते. विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारा प्रतिपिंड ऊतकाच्या पातळ कापावर सोडतात. तो जेथे चिकटेल तेथे रासायनिक क्रियेने तपकिरी रंग उमटतो. कोहलर व मिलस्टाइन यांनी १९७५ साली एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके निर्माण करण्याची रीत दाखविल्यानंतर ही तपासणी विशेष भरवशाची झाली. अस्तरपेशींची खूण म्हणजे सायटोकेरॅटिन हे प्रथिन. चातीसारख्या पेशींत ते आढळले, जोडीला पी-६३ किंवा पी-४० ही खूणही दिसली, तर कार्सिनोमाकडे बोट जाते. डेस्मिन स्नायूकडे निर्देश करते. एस-१०० मुळे मेलॅनोमाची शंका तपासता येते. व्हायमेंटिन मात्र सार्कोमा व सार्कोमासदृश कार्सिनोमा या दोहोंत आढळते. केवळ त्यावर निर्णय देणे धोक्याचे.

येथे एक अडचण आहे. या रोगात सायटोकेरॅटिन पुष्कळदा तुटक तुटकच उमटते, कधी मुळीच उमटत नाही. म्हणून रंग आला नाही एवढ्यावरून कार्सिनोमा नाही असे ठरत नाही. एकाहून अधिक केरॅटिन तपासावी लागतात. वरच्या अस्तरात कर्करोगाची सुरुवात दिसते काय, हेही पाहावे लागते. प्रसंगी दुसरा तुकडा घेणे भाग पडते.

तपासणीचे यश तुकडा बाटलीत पडतो त्या क्षणापासून ठरू लागते. तो ताबडतोब दहापट तरी फॉर्मॅलिनमध्ये बुडवावयास हवा. साध्या पाण्यात ठेवल्यास पेशी नासतात आणि महागडे प्रतिपिंडही व्यर्थ जातात. पुढे मेणात बसविलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, अनेक वर्षे टिकतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात दुसरे मत घ्यावयाचे झाल्यास नातेवाइकांनी अहवालासोबत काचपट्ट्या व हा ब्लॉकही मागून न्यावा. केवळ कागदावरून नव्याने रंजन करता येत नाही.