वखर हाकून मग शंकरपट

पावसाळ्यात काळ्या मातीतून चालताना चप्पल पावलागणिक जड होत जाते. 1994 च्या डिसेंबरात, डांबरी रस्त्यावर, कोरड्या थंडीत माझे पाय अगदी तसे जड झाले होते. शर्यत 110 किलोमीटरची होती. नव्वदाव्या किलोमीटरपर्यंत मी पुढच्या सात जणांत होतो आणि मनातल्या मनात बक्षिसाच्या पैशात नवीन रिम घेऊन मोकळा झालो होतो. मग एक साधा चढ आला. दुखलं काही नाही, गोळेही आले नाहीत. पाय नुसते भरले. सहा जण डोळ्यांदेखत लांब गेले, मागचा घोळकाही मला गिळून पुढं गेला आणि मी एकतिसावा आलो.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. सगळ्यांनी एकच निदान केलं : दम कमी पडला. मग मी वर्षभर दम वाढवला. रोज जीव खाऊन सायकल हाणली आणि पुढच्या वर्षीही त्याच सुमारास पाय भरले. त्यानंतर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात बी.पी.एड. केलं, यवतमाळला शाळेत पी.टी.चा सर झालो. गेली काही वर्षं रस्ता-शर्यतीत उतरणाऱ्या पाच-सहा पोरांना घेऊन पहाटे बाहेर पडतो. माझ्यात काय कमी होतं, ते मला ह्या पोरांमुळं कळलं. दम नव्हे, टिकाव.

फरक सांगतो. आमच्या विदर्भात शंकरपट भरतो. पटावरचा बैल काही सेकंदांत धावपट्टी संपवतो. त्याची किंमत लाखात असते, पण त्याला कुणी दिवसभर वखराला जुंपत नाही. वखराचा बैल दिवसभर ओढतो, त्याला पटावर कुणी उभं करत नाही. रस्ता-शर्यतीच्या सायकलपटूनं मात्र तीन तास वखर हाकायचा आणि मग, संध्याकाळी, पटावर पळायचं. ताज्या पायांनी जोर किती लागतो ह्याला शर्यतीत अर्धीच किंमत. तीन तासांनंतर त्यातला किती शिल्लक राहतो, तो टिकाव.

इटलीतली मिलान–सान रेमो ही जवळजवळ तीनशे किलोमीटरची शर्यत पाहा. तिचा निकाल बहुतेक वेळा पोज्जो नावाच्या टेकडीवर ठरतो. तो चढ जेमतेम पावणेचार किलोमीटरचा आणि सरासरी चार टक्क्यांच्याही आतला. आमची पोरं सकाळी चहा पिऊन चढून येतील. पण तो येतो शेवटच्या दहा किलोमीटरांत. आपल्याकडच्या मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट वाटेत लागतो, तिथं पहिला येणारा ‘घाटाचा राजा’. आणि तो राजा पुण्यात पहिला येतोच असं नाही.

शास्त्रज्ञांनी ह्या गुणाकडं नीट लक्ष दिलं ते अलीकडंच. जुन्या प्रयोगशाळांत खेळाडू विश्रांती घेऊन यायचा, ताज्या पायांनी चाचणी द्यायचा, आणि तो आकडा म्हणजे तो खेळाडू. 2021 मध्ये तून व्हान एर्प आणि सहकाऱ्यांनी व्यावसायिक सायकलपटूंच्या पॉवर मीटरच्या, म्हणजे पायडलवरचा जोर मोजणाऱ्या यंत्राच्या, नोंदी तपासल्या. जसजसं एकूण काम वाढत जातं, तसतशी सगळ्यांचीच ताकद उतरते. पण जिंकणाऱ्यांची ती उशिरा आणि कमी उतरते, असं त्यांना दिसलं. त्याच वर्षी एड मॉन्डर, स्टीफन सायलर वगैरेंनी ह्या टिकावाला खेळाडूच्या मोजमापात स्वतंत्र जागा द्यावी असं मांडलं.

टिकाव म्हटलं की आमच्याकडं लोक लगेच नागपूरच्या डॉ. अमित समर्थांचं नाव घेतात, आणि घ्यावंच. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे 4,800 किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ त्यांनी 2017 मध्ये एकट्यानं बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. नाशिकशी नातं असलेले लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनीही त्याच वर्षी. त्याआधी 2015 मध्ये नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी दोघांच्या संघात ती पार केली होती. पण पोरांना मी सांगतो की तो वखर आहे, खूप लांबचा वखर. तिथं झोपेशी भांडण असतं. आपल्याला शेवटी पटावर पळायचंय, त्याची तयारी थोडी निराळी.

पाय भरतात म्हणजे आत काय होतं? पहिलं कारण इंधन. स्नायूंत साधारण चारशे-पाचशे ग्रॅम आणि यकृतात शंभरेक ग्रॅम साखर ग्लायकोजनच्या रूपात साठलेली असते. सगळी मिळून दोन हजार किलोकॅलरींच्या घरात. 200 वॉटनं तासभर पायडल मारलं की 720 किलोजूल काम होतं. शरीर खर्च केलेल्या ऊर्जेतला चौथा-पाचवा हिस्साच पायडलपर्यंत पोचवतं, बाकी उष्णता होऊन जाते. त्यामुळं जितके किलोजूल काम, साधारण तितक्याच किलोकॅलरी जळतात. तीन तासांचा हिशेब दोन हजारांच्या वर जातो. चरबीही जळत असते म्हणून कोठार अगदी रिकामं होत नाही, पण वेग वाढवला की साखरेचाच वाटा वाढतो. आणि वेग वाढवायची वेळ शेवटीच येते.

दुसरं कारण मजुरीचं. आपल्या स्नायूंत दोन तऱ्हेचे धागे असतात. संथ धागे म्हणजे सालदार : कमी खाणार, दिवसभर राबणार. जलद धागे म्हणजे हंगामात वेचणीला जादा दरानं आणलेली माणसं. सालदार थकले की रोजंदार बोलवावे लागतात. काम तेवढंच, खर्च जास्त, आणि तेही लवकर थकतात. त्यात घामानं रक्तातलं पाणी घटतं, त्यामुळं त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढत जातात. 1994 ला माझ्या बाबतीत हे सगळं एकदम झालं असणार. पहाटे पाचला पोहे, बरोबर साध्या पाण्याच्या दोन बाटल्या, एक केळ. शर्यतीत खाल्लं की पोटात गोळा येतो, असं तेव्हा सगळेच म्हणत.

आता आमची चाचणी. पॉवर मीटर आमच्या ऐपतीबाहेरचा. पण यवतमाळ पठारावर आहे, आणि बाभूळगाव-धामणगावकडं जाताना करळगावचा घाट उतरावा लागतो, ही देवाची देणगी. घाटाखालच्या एका पुलापासून वरच्या एका बाभळीपर्यंतचा टप्पा मी ठरवून ठेवलाय. महिन्यातून एका रविवारी आम्ही साडेचारला निघतो, घाट उतरतो, अंग गरम झालं की पुलापासून जोर लावून चढतो. मी घड्याळ लावतो. ही ताज्या पायांची वेळ. मग परत उतरून बाभूळगाव, धामणगाव, पुढं अमरावती जिल्ह्यात थोडं आत जाऊन त्याच रस्त्यानं परत. साडेतीन-चार तासांनी पुन्हा तोच पूल, तीच बाभूळ, तोच जोर. दोन वेळांतला फरक हा टिकावाचा आकडा. वारा आणि ऊन ह्यांमुळं तो बिघडतो, म्हणून एप्रिल-मेचे आकडे मी हिवाळ्याच्या आकड्यांशेजारी ठेवत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक एकोणीस वर्षांचा मुलगा आला. बाप ट्रॅक्टर दुरुस्त करतो. ताज्या पायांनी 7 मिनिटं 20 सेकंद, आमच्यात सर्वांत चपळ. तीन तासांनंतर तोच चढ 9 मिनिटं 5 सेकंद. वर आल्यावर हॅण्डलवर डोकं टेकून म्हणाला, “सर, पाय भरले ना जी.” मला 1994 आठवलं.

पहिला उपाय खायचा केला, कारण तो सर्वांत स्वस्त. पाऊण लीटरच्या बाटलीत पन्नास ग्रॅम साखर, लिंबू, चिमटीभर मीठ. तासाला एक बाटली आणि एक केळ. तासाला पंच्याहत्तर ग्रॅम कर्बोदकं होतात. आतडं एकटं ग्लुकोज तासाला साठ ग्रॅमच्या आसपासच आत घेऊ शकतं. पण फ्रुक्टोज दुसऱ्या दारानं जातं, म्हणून दोन्ही मिळून नव्वदपर्यंत जाता येतं. मोठे व्यावसायिक हल्ली एकशे वीसपर्यंत जातात. घरातली साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोजच. परदेशी जेलच्या पुडीत जे असतं त्यातलं मुख्य काम आपला साखरेचा डबा करतो. शेंगदाण्याची चिक्की मात्र मी शर्यतीत बंद केली; शेंगदाण्याची चरबी पोटात रेंगाळते. ओआरएसची पुडीही इंधन म्हणून कामाची नाही. तिच्यात लीटरला साडेतेरा ग्रॅमच ग्लुकोज असतं. ती पाणी आणि मीठ भरून काढायला.

मुलाची माय शाळेत आली. “एवढी साखर? माह्या पोराले शुगर होईन ना जी!” तिला समजावलं की चालत्या सायकलवर पायातले स्नायू ती साखर लगेच ओढून घेतात, टीव्हीसमोर बसून हीच बाटली प्यायला तर दोन कानशिलात द्या. पहिले तीन आठवडे त्याला मळमळलं. पोटालाही सराव लागतो. पण नुसत्या ह्या बाटलीनं दोन महिन्यांत शेवटची वेळ अर्ध्या मिनिटानं खाली आली.

उरलेलं काम हळू झालं, आणि हळू जाण्यानंच झालं. आमच्या पोरांचा रोग एकच, रोज शर्यत. स्ट्राव्हा ॲपवर कुणाचा तरी विक्रम मोडल्याशिवाय सकाळ जात नाही. रोजच शंकरपट असल्यासारखे बैल पळवले तर वखराला कोण उरणार? सायलरनं मोठ्या खेळाडूंचं वेळापत्रक पाहिलं तेव्हा जवळजवळ ऐंशी टक्के सराव सौम्य वेगाचा निघाला. सौम्य म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल असा. अशा लांब फेऱ्यांनी स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात, पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया वाढतात, त्याच वेगाला चरबी जास्त जळते आणि साखर शेवटासाठी वाचते. सालदारांची संख्या वाढवण्यासारखंच आहे ते. अडीच तासांवरून साडेचार तासांवर यायला आम्ही आठ महिने घेतले. शेतावरची माणसं हसायची. दारव्हा रस्त्यावर एका आजोबांनी विचारलं, “काऊन बाप्पा, सायकलीवर बसून गप्पाच मारता का?” हो आजोबा, तेच शिकवतोय.

लांब फेरीचा पाया बसल्यावर, एक रविवार सोडून एक, शेवटच्या पाऊण तासात घाटावर तीन वेळा सहा-सहा मिनिटांचा जोर. दमलेल्या पायांनाच हे शिकवायचं असतं. हे दर आठवड्याला करणारी मुलं मी आजारी पडताना पाहिली आहेत, आणि सोळाच्या आतल्या पोराला तर मी हे देतच नाही. चौथा आठवडा हलका. झोपेबद्दल वेगळं लिहीत नाही; मोबाइल रात्री आईकडं जमा.

वजनं उचलण्याबद्दल मी स्वतः उशिरा बदललो. सायकलवाल्यानं पाय जाड करू नयेत असं माझं मत होतं. नॉर्वेच्या बेंट रोनेस्टाड यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, बारा आठवडे सायकलच्या जोडीला जड वजनांचा व्यायाम केलेल्या खेळाडूंची 185 मिनिटांच्या सायकलिंगनंतरची पाच मिनिटांची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढली. नुसती सायकल चालवणाऱ्यांची वाढली नाही. आखाड्यातल्या पाचशे बैठका म्हणजे हे नव्हे. इथं वजन जड आणि आवर्तनं चार ते दहा, आठवड्यातून दोनदा, आणि जवळ जाणता माणूस हवा.

ऊन तर यवतमाळला विकत घ्यावं लागत नाही. दहा-चौदा दिवस थोडं थोडं उन्हात चालवलं की रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, ठोके आटोक्यात राहतात. पण पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जाणाऱ्या गावात हे नऊच्या आत उरकायचं. दुपारी पोरगं रस्त्यावर दिसलं तर मी स्कूटरनं जाऊन घरी आणतो.

टिकाव वाढला म्हणून ताज्या पायांचा जोर लागत नाही असंही नाही. उतारावरून उतरायला आधी चढून जावं लागतं. ज्याच्याकडं मुळातच कमी आहे त्याचं थोडंच शिल्लक राहणार. आमच्या दोन पोरांचं तसं आहे, आणि त्यांना मी ते सांगितलंय.

ट्रॅक्टरवाल्याच्या मुलाचा ताजा आकडा दोन वर्षांत आठच सेकंदांनी सुधारला : 7 मिनिटं 12 सेकंद. गेल्या जानेवारीत, साडेतीन तास चालवून आल्यावर, तो तोच घाट 7 मिनिटं 51 सेकंदांत चढला. घरी येऊन मी जुनी वही काढली. 1994 च्या त्या शर्यतीच्या आदल्या आठवड्यात एचएमटीच्या घड्याळावर मी त्याच पुलापासून त्याच बाभळीपर्यंतची माझी वेळ टिपली होती, अर्थात ताज्या पायांची. दुसरी टिपायची असते हे ठाऊकच नव्हतं. 7 मिनिटं 55 सेकंद. माझी सायकल लोखंडी होती, हेही नोंदवून ठेवतो.