शुश्रूषा करणाऱ्याचा थकवा आणि आनंदवनाचा धडा

मे महिन्यातली नागपूरची रात्र. कूलरमधले पाणी संपत आले म्हणून तुम्ही उठता आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून हाक येते. आज रात्रीची ही तिसरी हाक. तुम्ही जाता, सासूबाईंची कूस बदलून देता, घोटभर पाणी पाजता. पण या वेळी तोंडून एक कडवट शब्द निसटतो. त्या काही बोलत नाहीत, नुसते भिंतीकडे तोंड करतात. उरलेली रात्र तुम्हाला झोप लागत नाही. शरीराच्या थकव्याहून एक प्रश्न अधिक छळत राहतो : मी माणूस म्हणून कमी पडते आहे का?

घरातल्या वृद्धाची वा रुग्णाची दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. मुले पुण्या-बंगळूरला, नोकरी सांभाळून घर चालवणारी सून किंवा स्वतः साठी ओलांडलेला मुलगा, आणि अंथरुणाला खिळलेले आईवडील, हे चित्र आज आपल्या शहरात घरोघरी दिसते. या कामाला पगार नाही, सुट्टी नाही, निवृत्तीही नाही. म्हणून ते ‘काम’ आहे हेच आपण विसरतो, आणि काम करणारा थकतो हेही विसरतो.

थकव्याची तीन लक्षणे

कामाने माणूस आतून जळून रिता होतो, या अवस्थेला ‘बर्नआउट’ असे नाव 1974 साली अमेरिकी मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी दिले. पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी तिची तीन अंगे सांगितली : शक्ती संपल्याची भावना, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याविषयी येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी खात्री. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली या अवस्थेची व्याख्या नोकरी-व्यवसायापुरती मर्यादित ठेवली. तिला रोग म्हटलेले नाही, कामाच्या सततच्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हटले आहे. घरातली शुश्रूषा या व्याख्येत बसत नसली, तरी तिन्ही लक्षणे मात्र तेथे हुबेहूब दिसतात.

त्यांतले तिसरे अंग नीट पाहा. स्वतःविषयीची शंका हा थकव्याचाच एक भाग आहे. शुश्रूषा करणाऱ्यांवरचा भार मोजण्यासाठी स्टीव्हन झॅरिट यांनी 1980 साली मांडलेली प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्या आजच्या प्रचलित रूपात 22 प्रश्न आहेत. आपण आणखी काही करायला हवे होते असे वाटते का, अधिक चांगली काळजी घेता आली असती असे वाटते का, हेही त्यांत विचारलेले असते. म्हणजे ज्या शंकेला तुम्ही आपल्या नालायकीचा पुरावा समजता, ती तज्ज्ञांच्या दृष्टीने तुमच्या खांद्यावरच्या ओझ्याचे माप आहे. ताप आला की आपण स्वतःला दोष देत नाही, कारण शोधतो. येथेही तेच करायचे.

पळून गेलेला अभय साधक

सेवेतली भीती आणि आत्मशंका थोरांनाही चुकलेली नाही. नागपूरपासून सुमारे 100 किलोमीटरवर, वरोऱ्याजवळ उभ्या असलेल्या आनंदवनाची सुरुवातच अशा एका शंकेतून झाली.

मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे, यांचा जन्म 1914 साली हिंगणघाटचा. नागपुरात कायद्याचे शिक्षण घेऊन ते वरोऱ्याला वकिली करू लागले. एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना त्यांनी एकट्याने अडवले, तेव्हा गांधीजींनी त्यांना ‘अभय साधक’ म्हटले. वरोऱ्यात सफाई कामगारांच्या बाजूने उभे राहताना त्यांनी मैल्याची पाटीही डोक्यावर वाहिली. असा हा निर्भय माणूस एका पावसाळी दिवशी रस्त्याकडेला पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरुग्णाला पाहून घाबरला. रोगाने झडलेले ते शरीर पाहून ते तेथून पळून गेले.

या पळण्याने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. आपल्याला लोक निर्भय म्हणतात आणि आपण एका असहाय माणसाला घाबरतो, ही बोच त्यांनी लपवली नाही. ते परत गेले, तुळशीरामाला आडोसा करून दिला आणि अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा केली. पण नुसत्या जिद्दीवर ते विसंबले नाहीत. कलकत्त्याच्या ‘स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन’मध्ये जाऊन त्यांनी कुष्ठरोगाचे रीतसर शिक्षण घेतले. भीती कबूल करणे, परत फिरणे आणि मग काम शिकून घेणे, असा हा क्रम आहे. तुमच्या घरातही पहिली पायरी हीच : ‘मला हे झेपत नाही’ हे वाक्य मोठ्याने, घरच्यांसमोर उच्चारणे.

आनंदवन सुरू झाले तेव्हा सोबत साधनाताई, दोन लहान मुले, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि गाठीला 14 रुपये होते. जमीन खडकाळ. बाबा एकटेच सर्वांची सेवा करीत बसते, तर हे काम किती दिवस टिकले असते? आनंदवनाने वेगळी वाट धरली. ज्यांना जगाने केवळ रुग्ण ठरवले होते, त्यांच्याच हातांनी विहीर खणली, शेत पिकवले. त्यांनी पिकवलेली भाजी घ्यायला सुरुवातीला लोक कचरत. तरी काम थांबले नाही. ज्याची सेवा होत होती तोही कामाचा वाटेकरी झाला, आणि सेवा करणाऱ्याच्या पाठीवरचे ओझे तेवढ्याने हलके झाले.

घरी काय करता येईल?

आनंदवनाची ही युक्ती तीन खोल्यांच्या घरातही चालते. त्यासाठी पुढील गोष्टी करून पाहा.

पहिली, शुश्रूषेतली सर्व कामे एकदा कागदावर लिहा : औषधे, आंघोळ, रात्रीची जाग, दवाखान्याची खेप, पेन्शनचे कागद. यादी पाहिली म्हणजे घरच्यांना काम दिसते, आणि दिसलेले काम वाटून घेता येते. ‘जरा मदत करा’ या विनंतीला उत्तर मिळत नाही; ‘मंगळवार आणि शुक्रवारची रात्र तुझी’ याला मिळते. दूरगावच्या भावंडानेही औषधे मागवणे, डॉक्टरांच्या भेटीची वेळ ठरवणे, रोज ठरल्या वेळी फोनवर आईशी बोलणे ही कामे घ्यावीत.

दुसरी, कौशल्य शिकून घ्या. रुग्णाला कुशीवर कसे वळवावे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करावे, खाटेवरून खुर्चीवर कसे न्यावे, हे परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष पाहून घ्या. पुष्कळशी आत्मशंका केवळ माहिती नसल्याने येते.

तिसरी, स्वतःची तपासणी टाळू नका. सततच्या थकव्यामागे रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह किंवा जीवनसत्त्व ब-12ची कमतरताही असू शकते. रोजचा एक तास स्वतःचा ठेवा, मग तो अंबाझरीच्या काठी फिरण्यात जावो की नुसता गच्चीवर बसण्यात.

आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची : ज्यांची सेवा करता त्यांना एक खरे काम द्या. तुरीच्या शेंगा सोलणे, भाजी निवडणे, नातवाचे पाढे घेणे, दुधाचा हिशेब ठेवणे. त्याला वेळ लागेल, चुकाही होतील. पण ते काम खरोखर घराच्या उपयोगाचे असावे. मन रमवण्यापुरते दिलेले काम वृद्धांना लगेच ओळखू येते. ज्यांची स्मृती क्षीण झाली आहे त्यांनाही कपड्यांच्या घड्या घालण्यासारखे सोपे काम जमू शकते.

आजी-आजोबा, तुमच्यासाठी

हा लेख तुम्ही खाटेवर पडून वाचत असाल, तर आपण ओझे झालो आहोत हा विचार तुम्हालाही शिवला असेल. बाबा आमट्यांना मणक्यांच्या विकारामुळे अनेक वर्षे बसता येत नव्हते. उभे राहणे किंवा आडवे पडणे एवढेच शक्य होते. त्या अवस्थेत, सत्तरी ओलांडल्यावर, 1985 साली ते कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत ‘भारत जोडो’ यात्रेला निघाले. त्यांच्या शुश्रूषेचा भार मूळच्या नागपूरच्या साधनाताईंनी वाहिला, आणि त्या आनंदवनाच्याही तितक्याच आधार होत्या. इतके मोठे काम आपल्याकडून होणार नाही, हे खरे. पण ‘आज तू झोप, मला सकाळपर्यंत काही लागणार नाही’ हे एक वाक्य, किंवा ‘तू दमलीस ग’ एवढी ओळख, हीही सेवाच आहे. जिच्या हाताने तुम्ही पाणी पिता, तिला ते शब्द औषधासारखे लागू पडतात.

मदत केव्हा मागावी?

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, झोप किंवा भूक बिघडली, कशातच रस उरला नाही, वृद्धावर हात उगारला जाईल अशी भीती वाटू लागली किंवा जगणे नको झाले, तर हा साधा थकवा नव्हे. अशा वेळी डॉक्टरांना लगेच भेटा. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी 14567 ही ‘एल्डरलाइन’ आहे.

आज रात्री पुन्हा हाक येईल, तेव्हा तुम्ही कदाचित पुन्हा चिडाल. तसे झाले, तर सकाळी चहाचा कप देताना तेवढेच सांगा, ‘काल मी थकले होते.’ मग शेंगांची टोपली त्यांच्यासमोर ठेवा आणि स्वतःही दोन मिनिटे शेजारी बसा.