शेवगा : पाला खावा, मूळ खाऊ नये

युरोपातील थंड हवेत हॉर्सरॅडिश नावाची, मोहरीच्या कुळातील एक वनस्पती परसात लावतात. तिचे मूळ किसून, शिरक्यात कालवून तोंडी लावण्यास घेतात. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी तिच्याऐवजी शेवग्याचे मूळ वापरले. म्हणून इंग्रजीत शेवग्यास ‘हॉर्सरॅडिशचे झाड’ असे नाव पडले. दोन्ही मुळांत गंधकयुक्त द्रव्ये असतात. मूळ किसले म्हणजे पेशी फुटतात व त्या द्रव्यांपासून झणझणीत पदार्थ तयार होतो. चव जुळते ती यामुळे.

मात्र या बाबतीत इंग्रजांचे अनुकरण करू नये. शेवग्याच्या मुळात, विशेषतः मुळाच्या सालीत, विषारी द्रव्ये असतात. मुलांनी व गर्भवती स्त्रियांनी ते मुळीच खाऊ नये, ही गोष्ट शिक्षकांनी पालकांसही समजावून द्यावी.

या झाडाचे खरे धन जमिनीच्या वर आहे. पाल्यात लोह, चुना व कॅरोटीन ही द्रव्ये विपुल असतात. कॅरोटीनपासून शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व बनते. त्याच्या अभावी मुलांना रातांधळेपणा येतो. असे असूनही कित्येक घरी शेंगा तेवढ्या आमटीत पडतात आणि पाला वाया जातो. कॅरोटीन स्निग्ध पदार्थात विरघळते. म्हणून कोवळा पाला मुगाच्या डाळीबरोबर शिजवून त्यास तेलाची फोडणी द्यावी. शिजविलेले पाणी फेकू नये. फुलांचीही भाजी होते.

लागवड सोपी आहे. पाणी न साचणारी जागा निवडून दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा शेणखत-मातीने भरावा. पावसाळ्याच्या आरंभी मनगटाएवढी जाड, तीन-चार फूट लांबीची फांदी त्यात फूटभर पुरावी. बी लावल्यास रोप तीन फुटांचे होताच शेंडा खुडावा. म्हणजे फांद्या खालीच फुटून पाला हाती येतो. लाकूड ठिसूळ असल्याने मुलांना झाडावर चढू देऊ नये. खोडावर केसाळ सुरवंट जमतात. त्यांच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते, याचीही जाणीव द्यावी.

शाळेत एक शेवगा वाढला म्हणजे छाटणीच्या फांद्या दरवर्षी मुलांना घरी लावण्यास देता येतील. पुस्तकातील ‘सकस आहार’ हा पाठ मुलांच्या ताटापर्यंत पोहोचविण्याचा याहून स्वस्त मार्ग क्वचितच सापडेल.