जोयड्याची शनिवारची दुपार

जोयडा तालुक्यात हायस्कूलच्या मुलांसाठी कोणकोणते उपक्रम चालतात, याचा आढावा घ्यायला बसलं की आधी एसटीचं वेळापत्रक समोर ठेवावं लागतं. उत्तर कन्नड जिल्ह्यातला हा सर्वांत विस्तीर्ण तालुका आणि वस्ती सगळी मिळून अर्ध्या लाखाच्या आसपास. कॅसलरॉकपासून उळवीपर्यंत, डिग्गीपासून अणशीपर्यंत वाड्या विखुरलेल्या. चार घरं इथं, सहा ओढ्यापलीकडे. प्राथमिक शाळा कशीबशी जवळ असते, हायस्कूल मात्र लांब. संध्याकाळची गाडी चुकली की पोराला रानातून पायपीट, आणि त्या वाटेवर गवा असतो, अस्वल असतं. सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या मुलामुलींना सायकली दिल्या, त्यांचा मोठा आधार झाला; पण आषाढात घाटाच्या चढावर ती सायकल हातात धरूनच न्यावी लागते.

त्यामुळे शालेय मंडळांबद्दल मराठीत जे लिहिलं गेलं, ते इथं जसंच्या तसं लागू पडत नाही. साने गुरुजी कथामाला, १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी सुरू केलेलं लिटल थिएटर, १९६२ ची ज्ञानप्रबोधिनी, मुंबईच्या विज्ञान शिक्षकांनी १९८१ पासून चालवलेली होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, या सगळ्यांचा मला अभिमान आहे आणि त्यांच्याकडून मी भरपूर उचललं आहे. पण ही सारी कामं ज्या मुलाला समोर ठेवून उभी राहिली, ते मूल पाच वाजता घरी येतं, काहीबाही खातं आणि पुन्हा बाहेर पडतं. जोयड्याच्या मुलाला घरी पोचेपर्यंत दिवेलागण झालेली असते.

आता जे सर्वत्र असतं ते इथंही आहे, ते भराभर सांगून टाकतो. स्काउट-गाइड आहे. भारत सेवादल आहे. हुबळीच्या डॉ. ना. सु. हर्डीकरांनी १९२३ मध्ये हिंदुस्थानी सेवादल उभं केलं, त्याचा वारसा हे दल सांगतं. कवायत होते, झेंडावंदन नीट होतं. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल आहेत आणि पोरं काटक असल्यामुळे चांगली खेळतात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी समाजातल्या मुलांना हेरून त्यांना अ‍ॅथलेटिक्सचं प्रशिक्षण देण्याची योजना आखली होती. या जिल्ह्यातली मुलं त्यातून देशपातळीपर्यंत पोचली. योजना काही वर्षांतच गुंडाळली गेली आणि धावणारी पोरं पुन्हा शेतमजुरीवर गेली. त्याबद्दल कुणाला जाब विचारला गेला नाही, याची मला आजही चीड आहे.

मग येते प्रतिभा कारंजी. केंद्रपातळी, तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्या चढत जाणारी ही कलास्पर्धा कर्नाटकातल्या प्रत्येक शाळेला ठाऊक आहे. हेतू चांगला, मुलांना रंगमंच मिळतो, हेही खरं. पण तिनं शाळेचं वर्ष कसं खाल्लं ते बघा. स्पर्धेची तारीख आली की तेवढे दिवस तालीम. निवडलेली आठ-दहा मुलं तेवढी तालमीत, बाकीची वर्गात. कुणबी घरांतल्या मुली चुलीपुढून उठून अंगणात फुगडी धरतात, ती रात्रभर रंगते. स्पर्धेत तिला मोजकी मिनिटं, ठरलेला वेश आणि परीक्षकांच्या दिशेला तोंड. गुमट या चर्मवाद्यावर बोटं चालवणारा मुलगा घरी आजोबांकडून शिकतो. घोरपडीच्या कातड्याला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं कातडं चढवतात. ते कसं ताणायचं, ऊन किती द्यायचं, हे त्याला पाठ असतं. शाळेने त्याला कधी हे विचारलेलं नसतं, कारण परीक्षकांच्या गुणपत्रिकेत त्यासाठी रकाना नाही.

यावर आमच्या शिक्षकवर्तुळातल्या काही मान्यवरांचं ठरलेलं उत्तर असतं की स्पर्धेशिवाय मूल पुढे येत नाही. चर्चासत्रांत मी ते इतक्यांदा ऐकलं आहे की बोलणाऱ्याचा श्वास कुठे थांबणार तेही सांगू शकेन. माझं म्हणणं साधं आहे. स्पर्धा वर्षातून एकदा येते, मंडळ वर्षभर चालतं. स्पर्धेत निवड होते, मंडळात कुणाला वगळायचं कारण नसतं. ज्या शाळेत मंडळ जिवंत आहे तिथून स्पर्धेलाही मुलं जातात. ज्या शाळेत फक्त स्पर्धा आहे तिथे दुसऱ्या दिवशी काहीच उरत नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो, निसर्ग मंडळांकडे. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २००१-०२ मध्ये राष्ट्रीय हरित सेना सुरू केली आणि शाळाशाळांत इको क्लब निघाले. शाळेला वर्षाचं अनुदान आधी अडीच हजार रुपये, नंतर पाच हजार. रक्कम किरकोळ होती. तरी एका शिक्षकाच्या हाती कागदोपत्री अधिकार आला आणि चाळीसेक मुलांना घेऊन कुंपणाबाहेर जायला निमित्त मिळालं. त्या पहिल्या वर्षांत खानापूर, रामनगर, जोयडा या पट्ट्यात मी जे काम पाहिलं आणि केलं, त्यासारखं काम मला नंतर दिसलेलं नाही.

जंगलातल्या मुलाला जंगल काय शिकवायचं, त्याला संगणक द्या, असंही म्हणणारे आहेत. संगणक द्यावाच. पण जंगल 'शिकवायला' आम्ही कधी गेलोच नव्हतो. मुलाला जे माहीत आहे ते तारीख घालून वहीत उतरवायची सवय लावायला गेलो होतो. माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात याच जिल्ह्यातल्या बांबूचा अभ्यास केला. दांडेलीची कागद गिरणी १९५९ पासून चालू होती, बांबू झपाट्याने घटत होता आणि दोष गावकऱ्यांच्या गुरांवर ढकलला जात होता. तोडीच्या वेळी बेटाच्या बुंध्याजवळचं काटेरी आवरण साफ करायचा शिरस्ता होता. त्यामुळे कोवळे कोंब उघडे पडत आणि जनावरं ते खात. गावकरी हेच सांगत होते. गाडगीळांनी निरीक्षणाने ते सिद्ध केलं. मी ही हकिकत प्रत्येक शाळेत सांगत आलो आहे. आपल्या आजोबांना कळलेलं लिहून ठेवलं असतं तर ते मोठ्या साहेबांपुढेही टिकलं असतं, हे आठवीच्या मुलाला त्यातून चटकन समजतं.

आमच्या मंडळांचं सर्वांत रसाळ काम धनेशाचं. दांडेली-जोयड्याच्या रानात धनेशाच्या चार जाती सापडतात: महाधनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि साधा राखी धनेश. विणीच्या हंगामात महाधनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा, लाळ, फळांचा गर यांनी तोंड लिंपून घेते. राहते फक्त एक फट. नर त्या फटीतून तिला आणि पुढे पिल्लांना भरवतो. उंबर, वड, नांदरूक यांची फळं तो घशात साठवून आणतो आणि एकेक करून देतो. मुलांना ढोलीजवळ जायची सक्त मनाई होती. लांबून, झाडाआड बसून बघायचं. आणि पिल्लं उडून गेल्यावर झाडाखालच्या बिया गोळा करायच्या.

हे बियांचं काम फार सुंदर होतं. ढोलीखाली पडलेल्या चोथ्यात बियांचा सडा असतो. मुलं त्या धुऊन वर्तमानपत्रावर वाळवत, आकाराप्रमाणे वेगळ्या करत आणि कोणती बी कोणत्या झाडाची, यावर भांडत. निम्म्या बिया मुलींनीच ओळखल्या, कारण सरपणाला त्या आईबरोबर जात आणि वाटेवरचं झाड न झाड त्यांना माहीत होतं. वर्गात कधी हात वर न करणाऱ्या एका मुलीनं रानजायफळाची बी तिच्या लाल जाळीवरून ओळखली आणि धनेशाला ती का आवडते, यावर पाचेक मिनिटं न थांबता बोलली, कोकणीत. मुख्याध्यापक दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि पुढच्या आठवड्यापासून आम्हाला शाळेचं कपाट मिळालं.

२०१८ पासून दांडेलीला वनखात्याने धनेश महोत्सव भरवायला सुरुवात केली. लांबून पक्षिप्रेमी येतात, दुर्बिणी येतात. बरं वाटतं. त्या मंचावर जोयड्याच्या शाळांच्या वह्याही मांडल्या जाव्यात, असा आग्रह मी धरत आलो आहे. वनखात्याचं 'चिण्णर वनदर्शन' म्हणजे मुलांना जंगल दाखवून आणणं, ते चांगलंच आहे. पण ज्याचं घरच व्याघ्र प्रकल्पात आहे त्याला बसमध्ये घालून जंगल दाखवण्यापेक्षा, त्याच्याकडून जंगल ऐकून घेणारा वनरक्षक महिन्यातून एकदा शाळेत पाठवावा.

दुसरं काम कंदांचं. जोयड्याचे कुणबी कंदमुळांची शेती पिढ्यान्पिढ्या करतात. थंडीत जोयड्याला कंदमुळांचा मेळा भरतो तेव्हा काटेकणग, करांदे, कोनफळ, सुरण, माडी यांचे ढीग बघून शहरातला माणूस थक्क होतो. मुलांनी घरोघर फिरून एक तक्ता केला होता: कुणाच्या परसात कोणता कंद, लावला कधी, काढला कधी, वेल कशावर चढवला, बियाणं आलं कुठून. बियाणं आलं कुठून या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'आईच्या माहेराहून' असं उत्तर आलं. त्या एका रकान्यातून तालुक्यातल्या लग्नसंबंधांचा नकाशाच तयार झाला. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकांची जैवविविधता नोंदवही करायला सांगितलं आहे. अनेक ठिकाणी ती ठेकेदार संस्थांनी दोन दिवसांत भरली. तीच नोंदवही हायस्कूलच्या मंडळाकडे दिली असती तर?

या सगळ्याचा शेवट हस्तलिखितात व्हायचा. आपल्याकडे शालेय हस्तलिखिताची परंपरा मोठी. इथं ते तीन भाषांत निघालं, कारण शाळा कन्नड, घर कोकणी आणि रामनगर-जगलबेटच्या बाजाराला मराठी. मुखपृष्ठ हातानं रंगवलेलं, आत वाळवलेली पानं चिकटवलेली. एका अंकात मुलांनी आजी-आजोबांकडून ऐकलेलं जुनं सुपं लिहून काढलं. पूर्वी तालुक्यालाच सुपं म्हणत. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं धरण झालं, सुपं पाण्याखाली गेलं आणि धरणग्रस्तांतले कितीतरी जण रामनगरला येऊन वसले. बाजार कुठे भरायचा, देवळाची पायरी किती उंच होती, पहिलं पाणी कुणाच्या अंगणात आलं, हे त्या अंकात आहे. सरकारी अहवालात यातलं अक्षरही मिळणार नाही.

आज काय उरलं आहे? इको क्लब कागदावर सगळीकडे आहेत. रोप लावायचं, मुलाला शेजारी उभं करायचं, फोटो काढून पोर्टलवर चढवायचा, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. पुढच्या जूनला त्याच खड्ड्यात नवं रोप. दहावीच्या निकालाची टक्केवारी जिल्ह्याजिल्ह्यांत मोजली जाऊ लागली तेव्हापासून थंडीच्या दिवसांत विशेष वर्ग सुरू होतात आणि नेमका तोच काळ धनेशाचा, कंदांचा, पानगळीचा असतो. निसर्ग मंडळ चालवणाऱ्या शिक्षकाला 'रिकामटेकडा' म्हणायचीही पद्धत पडली आहे. म्हणणाऱ्यांनी एकदा त्या मुलांची जीवशास्त्राची उत्तरपत्रिका काढून बघावी.

माझा हट्ट एकच आहे आणि तो जुना आहे: शनिवार. शनिवारी सकाळची शाळा दुपारच्या आत सुटते. उजेड असतो, संध्याकाळची गाडी अजून यायची असते, मधले चार-पाच तास मोकळे असतात. आठवड्यातला तेवढाच वेळ या तालुक्यात मंडळाच्या मालकीचा होऊ शकतो. तो विशेष वर्गांना देऊ नये. मध्यान्ह आहाराचं साहित्य शाळेत असतंच; शनिवारच्या मंडळासाठी त्यातून पंगत व्हावी. सीझनवॉचसारखा उपक्रम २०१० पासून देशभरातल्या शाळांना दर आठवड्याला एका झाडाची पालवी, फूल, फळ टिपायला सांगतो. जोयड्याच्या प्रत्येक हायस्कूलला शनिवारी ते सहज जमेल, आणि नोंद परसातल्या फणसाची असली तरी चालते.

शिक्षकांच्या बदल्यांचा प्रश्न राहतो. चांगलं चाललेलं मंडळ बदलीबरोबर बंद पडलेलं मी वारंवार पाहिलं आहे, आणि वह्या रद्दीत गेलेल्याही. शाळेचा चार्ज देताना हजेरीपट, प्रयोगशाळेची सामग्री, खेळाचं साहित्य यांची यादी सही करून दिली जाते. त्या यादीत मंडळाच्या वह्या आणि हस्तलिखितांचे अंक क्रमांक घालून नोंदवावेत, आणि नव्या शिक्षकाने ते मोजून ताब्यात घ्यावेत. तालुक्याच्या शिक्षणखात्याला एका परिपत्रकात हे करता येईल. ही मागणी मी पूर्वी अर्जातून केली होती, आता या अंकातून पुन्हा करतो.