ईशान्य मुंबईचा मतदारसंघ : सीमा, वस्ती आणि निवडणुकांचीं साधनें

सनदा, महजर, वंशावळी व ताळेबंद यांच्या छाननीस वाहिलेल्या ह्या त्रैमासिकांत लोकसभेच्या एका मतदारसंघाचा विचार कांहीं वाचकांस विजोड वाटेल. परंतु मतदारयादी ही एक प्रकारची खानेसुमारीच आहे, आणि निकालपत्रक हा त्या खानेसुमारीवर चढविलेला ताळेबंद आहे. अशा जुन्या छापील याद्या रद्दींतून संग्राहकांच्या हातीं येतात. त्या कशा वाचाव्या हें ठाऊक नसल्यास त्यांवरून काढलेलीं अनुमानें फसतात. म्हणून ईशान्य मुंबई ह्या एका उपनगरी मतदारसंघाचें उदाहरण घेऊन हा विषय मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्या भूमीचा हा मतदारसंघ बनला आहे ती साष्टी बेटाची पूर्वबाजू होय. पोर्तुगीजांकडून १७३७ त मराठ्यांनीं घेतलेली, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाण्याच्या किल्ल्यासह बळकावलेली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें त्यांच्याकडेच कायम राहिलेली ही साष्टी आमच्या वाचकांच्या परिचयाची आहे. घाटकोपर, विखरोळी, कांजूर, भांडुप, नाहूर, मुलुंड हीं तिच्यांतील गांवें. खाडीच्या बाजूस मिठागरें, पश्चिमेस डोंगर आणि मधून १८५३ सालीं बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत गेलेली आगगाडी. १९२० सालीं दक्षिण साष्टी ठाणें जिल्ह्यांतून काढून मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला. १९५० त उपनगरांचा मोठा भाग बृहन्मुंबईंत आला, आणि मुलुंडपर्यंतची हद्द १९५७ त जोडली गेली. म्हणजे ह्या मतदारसंघाचें उत्तरेकडील टोंक पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळीं मुंबईंत नव्हतेंच.

येथें पहिली अडचण उभी राहते ती नांवाची. १९५२ सालीं ‘मुंबई शहर उत्तर’ नांवाचा मतदारसंघ होता, परंतु तो मूळ बेटाच्या उत्तर भागाचा. उपनगरांस ‘मुंबई उपनगर’ असा वेगळा मतदारसंघ असून तेथून श्रीमती जयश्री रायजी निवडून आल्या. १९५७ त उपनगर हें नांव लोपलें व ‘मुंबई शहर उत्तर’ ह्याच नांवाखालीं उपनगरांचा प्रदेश आला. १९६७ त तोहि फुटून वायव्य व ईशान्य असे दोन संघ झाले. नांवावरून निकालांची माळ ओंवणारा मनुष्य १९५२ चें दादर-परळ आणि १९५७ चें वांद्रें-कुर्लें एकच समजून बसतो. परगण्याचें नांव कायम राहून त्यांतील तर्फा बदलल्याचीं उदाहरणें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस हें निराळें सांगावयास नको.

दुसरी अडचण मतदानाच्या पद्धतीची. १९५२ त मतपत्रिकेवर शिक्का मारावयाचा नसे. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे व मतदारानें कोरी पत्रिका हव्या त्या पेटींत टाकावयाची असे. मुंबई शहर उत्तर हा द्विसदस्य संघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठीं राखीव. मतदारास दोन मतें होतीं, पण तीं दोन निरनिराळ्या उमेदवारांस द्यावयाचीं. दोन्ही एकासच दिल्यास एक बाद होई. राखीव जागेवर नारायण सदोबा काजरोळकर यांस १,३८,१३७ व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस १,२३,५७६ मतें पडलीं. अंतर १४,५६१ चें, आणि बाद ठरलेलीं मतें ७४,३३३. डॉ. आंबेडकर व अशोक मेहता यांनीं ह्या निवडणुकीविरुद्ध संयुक्त अर्ज केला. मतें मुद्दाम वाया घालविण्याचा प्रचार डांगे यांच्या बाजूनें झाला, असा त्यांत आरोप होता. अर्ज फेटाळला गेला. आरोपाचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु विजयाच्या अंतराच्या पांचपटींहून अधिक मतें बाद झालेलीं असतां निकालपत्रकांतील केवळ पहिल्या दोन आकड्यांवर लिहिलेला इतिहास आम्हांस अपुरा वाटतो. बाद मतांचा रकाना ज्या नकलेंत गाळलेला असेल ती नक्कल खंडितच समजावी. द्विसदस्य संघ १९६१ च्या कायद्यानें बंद झाले.

उपनगरी निवडणुकांपैकीं सर्वांत गाजलेल्या त्या व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या. १९५७ त संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीनें काँग्रेसचे अनेक गड ढांसळले असतांहि येथें काँग्रेसच्या मेनन यांनीं प्रजासमाजवादी पक्षाचे पीटर अल्वारिस यांस १,७१,७०८ विरुद्ध १,२३,९६७ असें हरविलें. (हेच अल्वारिस पुढें गोव्यांतून लोकसभेवर गेले.) ह्याचें कारण उपनगरांच्या वस्तींत शोधावें लागतें. गिरणगांवाप्रमाणें ती एकाच श्रमजीवी मराठी समाजाची नव्हती. मूळचे कोळी, आगरी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती, त्यांच्या शेजारीं गुजराती व कच्छी व्यापारी, दक्षिणेकडील नोकरवर्ग, फाळणीनंतर आलेले सिंधी आणि कोंकण-देशावरचे कामगार अशी ती मिश्र होती. १९६२ त आचार्य कृपलानी यांच्याशीं झालेल्या लढतींत मेनन यांस २,९६,८०४ व कृपलानींस १,५१,४३७ मतें मिळालीं. त्याच वर्षाच्या अखेरीस चीनच्या युद्धानें मेनन यांचें संरक्षणमंत्रिपद गेलें.

१९६७ त काँग्रेसनें त्यांस उमेदवारी नाकारली. ते स्वतंत्र उभे राहिले आणि ईशान्य मुंबईंत स. गो. बर्वे यांच्याकडून १३,१६९ मतांनीं पराभूत झाले. बर्वे म्हणजे १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर पुण्याच्या पुनर्वसनाचें काम पाहणारे सनदी अधिकारी. निकालानंतर थोड्याच दिवसांत त्यांचें निधन झालें, आणि पोटनिवडणुकींत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनीं मेनन यांस पुन्हा हरविलें. १९६६ त स्थापन झालेल्या शिवसेनेनें मेनन यांच्याविरुद्ध प्रचार केला होता. तेव्हां परप्रांतीय म्हणून ते पडले असें सर्रास लिहिलें जातें. आमच्या मतें हा निष्कर्ष उतावळेपणाचा आहे. १९६२ चा संघ १९६७ त दुभंगला होता. मेनन यांच्या जुन्या मतदारांपैकीं मोठा भाग वायव्येकडे गेला होता. पक्षाचें चिन्ह हातून गेलें होतें, युद्धाचा डागहि ताजा होता. ह्यांपैकीं कोणत्या कारणाचा वांटा किती, हें दोन वेगळ्या प्रदेशांचे आकडे शेजारीं ठेवून ठरत नाहीं.

पुढील क्रम थोडक्यांत देतों. १९७१ त राजाराम कुलकर्णी. १९७७ व १९८० त सुब्रमण्यम स्वामी. १९८४, १९९१, १९९८ व २००४ त गुरुदास कामत. मध्यंतरीं १९८९ त जयवंतीबेन मेहता, १९९६ त प्रमोद महाजन व १९९९ त किरीट सोमय्या. २००९ त संजय दिना पाटील, २०१४ त पुन्हा सोमय्या, २०१९ त मनोज कोटक, २०२४ त पुन्हा पाटील. स्वामींच्या १९८० च्या विजयानंतर २०२४ पर्यंत येथें एकहि खासदार लागोपाठ दोनदां निवडून आलेला नाहीं. लहरी मतदार म्हणून ह्याची थट्टा होते. पण कामत २००९ त शेजारच्या वायव्य संघांत गेले, आणि २०१९ त सोमय्यांस व २०२४ त कोटक यांस त्यांच्याच पक्षानें उमेदवारी दिली नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे दोष सर्वस्वीं मतदारांचा उरत नाहीं.

२००८ च्या सीमानिश्चितीनें कुर्लें व चेंबूर बाहेर गेलीं. मुलुंड, विखरोळी, भांडुप पश्चिम, घाटकोपर पश्चिम, घाटकोपर पूर्व आणि मानखुर्द-शिवाजीनगर हे सहा विधानसभा विभाग आंत राहिले. पुढल्याच वर्षीं पाटील केवळ २,९३३ मतांनीं जिंकले, आणि नव्या मनसे पक्षाच्या उमेदवारास सुमारें १,९५,००० मतें पडलीं. २०२४ त पाटील यांस ४,५०,९३७ व मिहिर कोटेचा यांस ४,२१,०७६ मतें मिळालीं. गुजरातीबहुल मुलुंडांत कोटेचा फार पुढें होते, तर मानखुर्द-शिवाजीनगरच्या गरीब, मुख्यत्वें मुसलमान वस्तीनें तें अंतर भरून काढलें.

ह्या वस्तीविषयीं २०११ च्या शिरगणतीचे आकडे महानगरपालिकेच्या विभागांप्रमाणें मिळतात : मुलुंडचा टी विभाग ३,४१,४६३, भांडुप-विखरोळीचा एस ७,४३,७८३, घाटकोपरचा एन ६,२२,८५३, गोवंडी-मानखुर्दचा एम पूर्व ८,०७,७२०. ह्यांची बेरीज म्हणजे मतदारसंघाची लोकसंख्या नव्हे. एस विभागांतील पवई दुसऱ्या संघांत आहे आणि एम पूर्वमधील तुर्भ्याचा भाग अणुशक्तिनगरांत मोडतो. शिवाय शिरगणती जात्यंध डोळ्यांनीं नव्हे तर घरांच्या हिशेबानें चालते व यादी प्रौढांच्या; १९८९ त मताचें वय २१ वरून १८ वर आल्यामुळें त्यापूर्वीच्या व नंतरच्या याद्यांची जाडी तोलून वस्तीची वाढ काढतां येत नाहीं.

राहिला प्रश्न साधनांच्या आयुष्याचा. मतपत्रिका ठराविक मुदतीनंतर नियमानेंच नष्ट केल्या जातात. त्यांचा शोध करूं नये. १९७१ सालीं मोजणीपूर्वीं पत्रिकांची सरमिसळ झाल्यामुळें कोणत्या केंद्रानें कोणास मत दिलें हें त्या सालचें कळणार नाहीं. मतयंत्रें २००४ त सर्वत्र आल्यापासून केंद्रवार पत्रकें उपलब्ध आहेत. यादी मात्र घरक्रमांक, नांव, बापाचें किंवा नवऱ्याचें नांव व वय देते, आणि चाळ पडून तेथें मनोरा उठल्यावर त्या चाळींत कोण राहत होतें ह्याचा बहुधा तोच एक लेख उरतो. संग्राहकांनीं तिचें मुखपृष्ठ व पुरवण्या फाडून टाकूं नयेत. भागाच्या हद्दी मुखपृष्ठावर असतात व गाळलेलीं नांवें पुरवणींत. तिच्यासोबत त्या काळच्या सीमानिश्चितीच्या आदेशाची नक्कल बांधून ठेवावी, आणि यादी कोणत्या तारखेच्या वयावरून केली आहे तें वेष्टनावर लिहावें.