जर्मनीत शिक्षण फुकट, मग हे १२ लाख कशाचे?

ज्यांना बसमध्ये, लोकलमध्ये ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोललोय तसाच ठेवलाय, फक्त माझं "म्हंजे, म्हंजे" थोडं कमी केलंय.

मागच्या भागानंतर एका मुलीची व्हॉइस नोट आली. "दादा, जर्मनीत फी नसते म्हणतात. मग एजंट १२ लाख कशाचे सांगतोय? बाबा जमीन गहाण ठेवायचं म्हणतायत." जमिनीचं ऐकलं आणि ठरवलं की आज दुसरा विषय नाही.

तर ते १२ लाख म्हणजे बहुतेक वेळा ब्लॉक्ड अकाउंट. व्हिसासाठी जर्मन सरकार विचारतं की तुझा वर्षभराचा राहण्या-खाण्याचा खर्च कुठून येणार, दाखव. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम आहे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. युरो सोयीसाठी १०० रुपये धरला तर झाले ११ लाख ९० हजार. ही फी नाही. हे तुमचेच पैसे आहेत. तिथे पोचल्यावर दर महिन्याला ९९२ युरो तुमच्याच खात्यात येतात. व्हिसा नाकारला गेला, तर नकाराचं पत्र दाखवून रक्कम परत मिळते, सर्व्हिस चार्ज वगैरे सोडून.

आता गंमत बघा. २०२२ मध्ये हाच आकडा १०,३३२ होता आणि त्या उन्हाळ्यात युरो ८० रुपयांच्या आसपास आला होता. म्हणजे सव्वाआठ लाख. तिकडे रक्कम वाढली, इकडे रुपया पडला, आणि आपल्या घरातला आकडा साडेतीन लाखांनी फुगला. त्यामुळे २०२२ ला गेलेल्या ताईदादांचं बजेट ऐकून हिशोब मांडू नका.

मग "फुकट" काय आहे? सरकारी विद्यापीठांमधली बहुतेक डिग्रीची ट्यूशन फी. तिथे फक्त सेमिस्टरचं शुल्क लागतं, साधारण १०० ते ४०० युरो. पण याला अपवाद आहेत, आणि नेमके आपल्याकडची मुलं अर्ज करतात तिथलेच. श्टुटगार्ट, कार्ल्सरुह, हायडेलबर्ग ही शहरं ज्या राज्यात आहेत त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये २०१७ पासून युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली, मास्टर्सला बहुतेक सेमिस्टरला ४,००० ते ६,०००. आणि खासगी विद्यापीठं तर वेगळीच दुनिया. तिथे वर्षाला १० हजार युरोंच्या पुढे फी सहज जाते. एजंटला कमिशन कुठून मिळतं, हा प्रश्न इथे विचारायचा. तोंडावर विचारायचा. "कॉलेज सरकारी का खासगी?" याला सरळ उत्तर नाही आलं, तर उठून या.

आता ९९२ मध्ये भागतं का? शहरावर आहे. केम्निट्झ, माग्डेबुर्गसारख्या पूर्वेकडच्या शहरांत शेअर फ्लॅटमधली खोली ३०० ते ४०० मध्ये मिळू शकते. म्युनिकमध्ये तशाच खोलीला ७००-८०० जातात. वर आरोग्य विमा, महिन्याला १४० युरोंच्या आसपास, तो सक्तीचा. (वयाची ३० वर्षं पूर्ण झाली की विद्यार्थ्यांचा स्वस्त दर मिळत नाही. नोकरी करून मग मास्टर्सला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.) आणि घरटी १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीचं शुल्क. टीव्ही नसला तरी! फ्लॅटमेट्समध्ये वाटून घ्या. म्युनिकमध्ये मग जेवणाला काय उरतं, तुम्हीच वजा करा.

पण माझ्या मते खरी फजिती पहिल्या महिन्यात होते, आणि तिचं बजेट कुणी करत नाही. ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे सुरू व्हायला तिथलं चालू खातं लागतं. खात्याला बऱ्याच ठिकाणी पत्त्याची नोंदणी लागते. पत्त्याला घर लागतं. आणि घराला डिपॉझिट लागतं! समजा भाडं विजेपाण्यासकट ४२० आहे, त्यातलं नुसतं भाडं ३५०. डिपॉझिट कायद्याने या नुसत्या भाड्याच्या तीनपट मागता येतं, म्हणजे १,०५०. अधिक सेमिस्टर शुल्क ३०० धरा, विमा १४०. झाले १,९१०. येणार ९९२, तेही कधी ते नक्की नाही. एक सोय आहे जी घरमालक आपणहून सांगत नाही: डिपॉझिट तीन मासिक हप्त्यांत भरायचा हक्क कायद्यातच आहे. मागा. तरीही ब्लॉक्ड अकाउंट सोडून दीड-दोन हजार युरो हाताशी हवेतच.

दुसरं म्हणजे, मास्टर्स दोन वर्षांचं आणि ब्लॉक्ड अकाउंट एका वर्षाचं. व्हिसाचं परमिट वाढवताना पुढचा खर्च कसा करणार हे पुन्हा दाखवावं लागतं. "तिथे जाऊन पार्टटाइम करेन" हे सगळेच म्हणतात. कायद्याने वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. म्हणजे आठवड्याला १० तास मिळाले तर ६०० युरोंच्या आसपास. वाईट नाही. पण ते काम पहिल्या दिवशी मिळत नाही, आणि जर्मन येत नसेल तर लहान शहरात आणखी वेळ लागतो. स्वस्त शहर आणि सहज काम, दोन्ही एकत्र क्वचित मिळतं. म्हणून जर्मनची बी-वन लेव्हल इथूनच करून जा, मी तर तिला खर्चातली बचतच समजतो.

आता बाबांचा प्रश्न. १२ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी घेतलं, तर व्याजच महिन्याला १० हजार होतं. शिकताना हप्ता नसला तरी हे व्याज चढत राहतं. म्हणजे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे पडून असले तरी त्यावर इकडे मीटर चालू असतो. जर्मनीत राहणारा सख्खा मामा, काका कुणी असेल तर आधी त्यांच्याशी बोला. त्यांनी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात खर्चाची लेखी हमी दिली, तर ब्लॉक्ड अकाउंटची गरज पडत नाही. पण ती हमी त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक असते, हेही त्यांना स्पष्ट सांगा. घरचेच पैसे पाठवत असाल, तर वर्षाला १० लाखांच्या पुढच्या रकमेवर बँक टीसीएस कापते. तो रिटर्न भरल्यावर वळता होतो, पण तोपर्यंत अडकतो. मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलं तर एप्रिल २०२५ पासून टीसीएस नाही.

आणि ताई, क्रम लक्षात ठेव. आधी कागदपत्रं तपासून देणारं एपीएस सर्टिफिकेट, त्याचे १८ हजार रुपये. मग अर्ज, मग ॲडमिशन लेटर. ब्लॉक्ड अकाउंट लागतं ते त्याच्यानंतर, व्हिसाला. एजंट काहीही म्हणो, विद्यापीठाचं पत्र हातात येईपर्यंत बाबांना सातबारा कपाटातच ठेवायला सांग.